सफारीची हौस आणि सावित्रीच्या मगरी

अरबी भाषेतील ‘सफर’ हा शब्द दोन वाटांनी आमच्या घरी आला आहे. पहिली वाट फारसीची. तिने तो काही शतकांपूर्वीच मराठीत आणून सोडला आणि गलबतातून जाणाऱ्या कोकणी माणसाने तो आपलासा केला. दुसरी वाट पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याची. तेथे स्वाहिली भाषेत त्याची ‘सफारी’ झाली, गोऱ्या शिकाऱ्यांनी ती उचलली, आणि आता सहलीच्या कंपन्यांच्या गुळगुळीत पत्रकांवर आरूढ होऊन ती आमच्या दिवाणखान्यात दाखल झाली आहे. मुळात दोहोंचा अर्थ एकच, प्रवास. व्यवहारात मात्र दोहोंत आता मोठे अंतर पडले आहे. सफर म्हणजे निघणे. सफारी म्हणजे दाम मोजून दाखवून घेणे. या दुसऱ्या प्रकाराविषयी आज आम्हांस दोन शब्द बोलावयाचे आहेत, आणि ते काहींस कडू लागतील हे जाणूनच बोलावयाचे आहेत.

आमच्या मध्यमवर्गीय कुटुंबांच्या प्रवासाची एक ठरलेली शिडी आहे. आजोबांनी काशी-रामेश्वर केले, वडिलांनी काश्मीर आणि उटी पाहिली, मुलाने सिंगापूर व युरोप उरकला. आता या शिडीच्या वरच्या पायरीवर केनियातील मसाई मारा येऊन बसले आहे. रात्रीच्या मुक्कामी वरणभात मिळेल असे आश्वासन पत्रकात असते, म्हणजे सिंहाच्या देशात गेले तरी घरचा उंबरा सुटत नाही. परतल्यावर आठवडाभर भ्रमणध्वनीवरील छायाचित्रे आप्तेष्टांस दाखवावयाची, आणि शेवटी एक वाक्य हमखास यावयाचे: “आम्हांला निसर्गाचे फार वेड हो!”

या हौसेस आमचा विरोध नाही. ज्याने कष्टाने चार पैसे जोडले त्याने ते आफ्रिकेत खर्च करावे की अंगणात पुरून ठेवावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. आमचा आक्षेप आहे तो त्या शेवटच्या वाक्यावर. मुंबईपासून सुमारे साडेचार हजार किलोमीटरांवर जाऊन जी मगर डोळे भरून पाहिली, तिचीच जातभगिनी मुंबईपासून पावणेदोनशे किलोमीटरांवर, महाडच्या कुशीत, सावित्रीच्या काठावर ऊन खात पडलेली असते. तिच्याकडे ज्यांनी एकदाही मान वळविली नाही, तिचा काठ खणला जात असता ज्यांनी एक पत्र लिहिले नाही, त्यांचे वेड निसर्गाचे आहे असे आम्हांस म्हणवत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण विसराळू माणसाला उद्देशून झाली. पण कळसा काखेतून गळून पडत असता वळशाची वर्णने सांगत बसणाऱ्याला काय म्हणावे?

प्रथम मारातील एका दिवसाचा न्याय्य हिशेब करू. पहाटे छप्पर उघडणाऱ्या मोटारीतून निघावे. गवताच्या समुद्रात जिराफांच्या माना, हत्तींचे कळप, छाव्यांसह पहुडलेली सिंहीण, हे सारे एका सकाळी दिसते. जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत तर सेरेंगेटीकडून आलेले विल्डबीस्टांचे कळप मारा नदी ओलांडतात. या स्थलांतरात विल्डबीस्टांचीच संख्या सुमारे १३ लाख धरतात. त्यांच्या जोडीला झेब्रे आणि हरणे वेगळी. काठावर कळप तासन्‌तास घुटमळतो, मग एक जनावर उडी घेते, मागोमाग हजारो उड्या पडतात, आणि खाली नाईल जातीच्या थोराड मगरी वाट पाहत असतात. हे दृश्य भव्य आहे. ज्याला ते पाहून काहीच वाटत नाही त्याच्याशी आमचे बोलणे नाही.

पण या दृश्याची किंमत कोण देतो? प्रवासी म्हणेल, मी देतो. हंगामाच्या सहा महिन्यांत मारा अभयारण्याचा परदेशी पाहुण्यांसाठीचा प्रवेशकर २०२४ सालापासून दर माणशी दर दिवशी २०० डॉलर झाला आहे, तेव्हा त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. तथापि सिंह जेव्हा गोठ्याचे कुंपण ओलांडतो, तेव्हा गाय जाते ती मसाई गुराख्याची. १९५१ साली सेरेंगेटीचे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि १९५९ साली तेथील मसाई लोकांस आपली गुरे घेऊन बाहेर पडावे लागले. अलीकडे माराभोवतीच्या मसाई जमीनमालकांनी आपापल्या जमिनी एकत्र करून त्या वन्य प्राण्यांसाठी मोकळ्या ठेवावयाच्या आणि त्याबद्दल भाडे घ्यावयाचे, अशी व्यवस्था निघाली आहे. ती पुष्कळ अंशी न्यायाची आहे. तात्पर्य, जेथे श्वापद टिकते तेथे त्याच्या शेजारी राहणारा कोणी तरी माणूस त्याची किंमत भरीत असतो. पाहुणा तिकीट काढतो. यजमान आपली गाय देतो. मसाईंच्या या सोशिकपणाचे आमचे प्रवासी तोंडभरून कौतुक करितात. “ते लोक निसर्गाशी कसे एकरूप होऊन राहतात!” असे उद्गार आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकले आहेत. आमचा प्रश्न असा, की याच मापाने महाडचा भोई आणि पोलादपूरचा गुराखी मोजला गेल्याचे कधी कोणी ऐकले आहे काय?

आता सावित्रीकडे वळू. महाबळेश्वरी ज्या पाच नद्यांचा उगम मानितात त्यांपैकी चार सह्याद्रीच्या पूर्वेस जातात. एकटी सावित्री कड्यावरून पश्चिमेस उडी घेते. पोलादपूरच्या डोंगरांतून ती महाडास येते, गांधारी आणि काळ या नद्यांना पोटात घेते, आणि हरिहरेश्वर-बाणकोटाजवळ समुद्रास मिळते. वरून डोंगराचे गोडे पाणी आणि खालून भरतीचे पाणी यांची गाठ महाडच्या आसपास पडते. अशा संथ, खोल, मासळीने भरलेल्या पाण्यात मगरीचे बस्तान बसावे यात नवल नाही.

एखाद्या सहलीच्या पत्रकात शोभेल असाच एक दिवस आम्ही या दोन तालुक्यांत आखून देतो. पौष महिना असावा. सकाळी आठ-नऊच्या सुमारास धुके विरते आणि मगरी वाळूच्या बेटांवर व दरडींच्या उतारांवर येऊन पडतात. मगरीचे रक्त थंड. उन्हावाचून तिची हालचाल मंद. जबडा उघडा टाकून ती निश्चल पडलेली दिसते तेव्हा पाहणारा घाबरतो; पण तो राग नव्हे, अंगातील उष्णता बेताची राखण्याची ती रीत आहे. जवळच बगळे निर्धास्त उभे असतात, पाणकावळे पंख वाळवीत बसतात, खंड्या पाण्यावर झेप घेतो, आणि थोड्या अंतरावरच्या घाटावर बायका धुणे धूत असतात. ही शेवटची गोष्ट मसाई माराच्या तिकिटात मिळत नाही. एकाच नदीच्या एकाच वळणावर धुणे, जाळे आणि मगर ही तिन्ही एकमेकांस जोखून, एकमेकांची वेळ सांभाळून राहतात. त्या बायकांस कोणत्या डोहात उतरावयाचे नाही आणि कोणत्या महिन्यात काठाशी जपून वागावयाचे, हे ठाऊक असते. ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ ही म्हण अशाच एखाद्या काठावर जन्मली असली पाहिजे. बळवंताच्या शेजारी राहणाऱ्या दुर्बळाचे सारे शहाणपण तिच्यात आहे.

दुपारी महाडपासून डोंगराकडे, नाणेमाचीच्या बाजूस जावे. तेथील कड्यांच्या कपारींत लांब चोचीची गिधाडे घरटी करितात. मारातील सांगाड्याभोवती जमलेली गिधाडे पाहून आमचे प्रवासी कॅमेरे सरसावतात. घरी मात्र ‘गिधाड’ ही शिवी आहे. सीतेसाठी पंख तोडून घेणाऱ्या जटायूला हात जोडणारा समाज त्याच्या वंशजांना शिवीचा शब्द करून टाकतो, यात काही विसंगती आहे असे आम्हांस वाटते. पण शिवीने गिधाडे मेली नाहीत. ती मेली आमच्या औषधाने. गुरांच्या अंगदुखीवर टोचावयाचे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याचे मूत्रपिंड निकामी करिते. हे कारण २००४ साली उघडकीस आले तोवर भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे जवळजवळ संपत आली होती. १९९२ पासून २००७ पर्यंतच्या पंधरा वर्षांत हजारांमागे एखादेच उरले. २००६ साली जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी आली. लोकांनी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांस वापरावयास आरंभ केला, तेव्हा २०१५ साली बाटलीचा आकार ३ मिलिलिटरांवर आणावा लागला. २०२३ साली केटोप्रोफेन व असेक्लोफिनॅक या आणखी दोन औषधांवर तशीच बंदी आली.

गिधाड गेल्याने बिघडले काय, असे विचारणारासाठी उत्तर आहे. इयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासाप्रमाणे, गिधाडे नाहीशी झाल्याने उघड्यावर कुजणारी जनावरे, दूषित पाणी आणि भटकी कुत्री यांच्या पायी भारतात २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख माणसे अधिक मेली. ही गिधाडे रायगड जिल्ह्यात मुळीच उरली नसती; पण महाडच्या सिस्केप या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी म्हसळे तालुक्यातील चिरगाव आणि महाड तालुक्यातील नाणेमाची येथे गावकऱ्यांस हाताशी धरून त्यांची राखण केली. हे कार्यकर्ते केनियाचे नव्हेत. आमच्यासारखेच वरणभात खाणारे आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-म्हसळ्याच्या झाडांची दैना केली, तरी त्यांनी काम सोडले नाही.

संध्याकाळ पोलादपूरच्या वरच्या अंगास घालवावी. उमरठास तानाजी मालुसऱ्यांचे स्मारक पाहून मोटारी माघारी वळतात, आणि आंबेनळीच्या घाटातून महाबळेश्वरास जाणारांचे लक्ष तेथील स्ट्रॉबेरीवर असते. मधले रान कोणी पाहत नाही. त्या रानात आपल्या राज्याचा मानचिन्हाचा प्राणी शेकरू फांद्यांवरून झेपा घेतो, भेकर ओरडते, रात्री बिबट्या पाणवठ्यावर येतो. एवढा दिवस घालविण्यास पारपत्र लागत नाही.

आता आमच्या प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. पहिला आक्षेप भव्यतेचा. “कोठे तेरा लाखांचा लोंढा आणि कोठे तुमच्या बोटांवर मोजण्याच्या मगरी!” हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, पण तो गैरलागू आहे. हिमालय पाहिलेल्या माणसाने सह्याद्री खणून विकावा असे त्यावरून ठरत नाही. शिवाय पाहणे हे एका दिवसाचे काम नव्हे. मारात जाणारा तीन दिवसांत शंभर प्राणी मोजून येतो आणि त्यांपैकी एकाचीही दुसऱ्या दिवशीची हकिगत त्यास ठाऊक नसते. सावित्रीच्या काठी राहणारे शाळकरी पोर वर्षभर एकच मगर पाहील, तर माघात ती काठ का उकरते, ज्येष्ठात पिले केव्हा बाहेर येतात, पुरात ती कोठे नाहीशी होते, हे त्यास कळेल. पाहण्याचे फळ ज्ञान असेल, तर या पोराचे पाहणे अधिक मोलाचे. आणि दुरून डोंगर साजरे हे तर आमच्या वाडवडिलांनीच सांगून ठेविले आहे.

दुसरा आक्षेप गंभीर आहे, व त्यास आम्ही गंभीरपणेच उत्तर देऊ. “माणूस बुडत असता तुम्ही मगरीचे काय घेऊन बसलात?” महाडकरांस हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड-राजेवाडी येथील ब्रिटिश अमदानीतील पूल पुरात वाहून गेला आणि दोन एस. टी. गाड्यांसह अनेक जीव नदीने गिळले; त्या वेळी मोठ्या शहरांतील वृत्तपत्रांस सावित्रीत मगरी असल्याची एकाएकी आठवण झाली, ती शोधकार्यातील अडचण म्हणून. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरावर चोवीस तासांत ५९० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला, महाड बुडाले, आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड येऊन ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. यानंतर नदीतील गाळ व बेटे काढण्याची मागणी झाली आणि यंत्रे पात्रात उतरली. ज्याच्या घरात छपरापर्यंत चिखल भरला होता त्यास ‘गाळ काढू नका’ असे सांगण्याचा निर्लज्जपणा आमच्याने होणार नाही.

गाळ काढावा, हे आमचे स्पष्ट मत आहे. प्रश्न तो कोठून, केव्हा आणि कोणाला विचारून काढावा, इतकाच आहे. मगर माघ-फाल्गुन-चैत्रात उताराच्या काठावर खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते. दोन महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, पिले बाहेर येतात. पात्रात यंत्रे उतरण्याचा हंगामही नेमका तोच. तेव्हा यंत्र चालविणाऱ्यास कोणी सांगितले नाही, तर एका दुपारीत त्या काठाची एक पिढी गाळाबरोबर मालमोटारीत भरली जाईल, आणि कोणाचा हेतू वाईट नसता ते होईल. मगर ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे. वाघाला जे संरक्षण तेच तिला. पण कायद्याचे कागद काठावर खुणेचे खांब रोवीत नाहीत. कोणते उतार अंड्यांचे, कोणती बेटे उन्हाची, हे भोयांस विचारून, नकाशावर दाखवून, तेवढे तुकडे वगळून बाकीचा गाळ खुशाल काढावा. एवढ्याने पूर वाढेल असे कोणी अभियंत्याने म्हटले, तर त्याने ते आकड्यांनिशी सांगावे, आम्ही ऐकू. डोंगरावरची झाडे तोडून, उतार खणून, गाळ नदीत लोटणारे हात मात्र मगरीचे नव्हेत, एवढे त्या वेळी विसरू नये.

याच आक्षेपास जोडून आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे, कारण हा प्रश्न महाडातील आहे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचे जाहीर केले; तरीही ज्या तळ्यावर गुरेढोरे खुशाल पाणी पीत त्या तळ्यावर अस्पृश्य मानलेल्या माणसास पाय ठेवता येत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी तेथे ओंजळभर पाणी घेतले तेव्हा ती रूढी मोडली, आणि न्यायालयाचा अंतिम निकाल लागावयास १९३७ साल उजाडले. ज्या गावात जनावराला मुभा आणि माणसाला मज्जाव होता, त्या गावात प्राणिप्रेमाची भाषा बोलणाराने जीभ जपून वापरली पाहिजे. माणसाचा हक्क डावलून केलेली भूतदया ही भूतदया नव्हेच, हा धडा महाडाइतका स्पष्ट दुसऱ्या कोणत्या गावाने दिला असेल? म्हणूनच मगरीसाठी घाट बंद करा, भोयांस नदीतून उठवा, सेरेंगेटीत मसाईंचे जे केले ते येथे करा, असे कोणी सुचवील तर त्याचा पहिला विरोध आम्ही करू. पण त्याच न्यायाने हेही पाहावे, की सावित्रीचे पाणी आज कोण नासवितो. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील सांडपाण्याविषयी खाडीकाठच्या मच्छीमारांची तक्रार फार जुनी आहे. मासळी मेली तर भोई आणि मगर दोघेही उपाशी राहतात. यांचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत हा समज पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात जन्मतो. काठावर त्या दोघांचे दुखणे एकच आहे.

तिसरा आक्षेप गोड बोलणारांचा आहे, आणि तोच आम्हांस सर्वांत घातक वाटतो. “तुमचे पटले, मग महाडासही मगर-सफारी काढू!” शेजारी चिपळुणास वाशिष्ठीच्या खाडीत मगरी दाखविणाऱ्या नौका निघाल्याच आहेत, तेव्हा ही कल्पना कोणाच्या तरी डोक्यात घोळत असणारच. रोजगार मिळेल हे खरे. पण मारात एका चित्त्याभोवती मोटारींचे कडे पडते आणि त्याला शिकार करणे मुष्किलीचे होते. तेथे सुमारे १,५०० चौरस किलोमीटरांचे रान आहे म्हणून ते जनावर दूर तरी जाऊ शकते. सावित्रीचे दोन काठ आणि त्यांवरची चार बेटे एवढ्यात यंत्रनौका गरगरू लागल्या, कोंबडीची आतडी टाकून मगर जवळ बोलावू लागल्या, म्हणजे काय होईल? माणसाला भिणारी मगर माणसाकडून खाणे अपेक्षू लागेल, आणि पहिला बळी प्रवाशाचा न पडता घाटावरच्या धुणेवालीचा पडेल. त्यानंतर मगर हटविण्याची मागणी होईल आणि ती मान्यही होईल. वन्य प्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू आल्यास सरकार २५ लाख रुपये देते. त्या रकमेने कोणाच्या घरातली आई परत येत नाही. दाखवावयाचेच असेल तर काठावरून, दुर्बिणीतून, आणि दाखविणारा त्याच काठावरचा भोई असावा. मिळकत त्याची असावी आणि ‘आज नको’ म्हणण्याचा अधिकारही त्याचाच असावा.

एकदा गेलेली वस्तू परत आणणे किती महाग पडते, याचा अनुभव देशास नुकताच आला आहे. भारतातील चित्ता १९५२ साली नामशेष म्हणून जाहीर झाला. तो परत यावा म्हणून १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते विमानाने कुनोस आणावे लागले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा. त्यांतील काही दगावले, काहींना पिले झाली. तो वाद येथे नको. आमचा मुद्दा सोपा आहे. आम्ही घरचे जनावर संपवितो, मग ते आफ्रिकेत जाऊन पाहतो, आणि अखेर आफ्रिकेतून उसने आणतो. सावित्रीच्या मगरीवर व नाणेमाचीच्या गिधाडावर ही पाळी आणावयाची किंवा कसे, हे ठरविण्याची वेळ अद्यापि हातची गेलेली नाही.

म्हणून आमच्या वाचकांपाशी आमचे मागणे मोठे नाही. ज्यांची गावी गुरे आहेत त्यांनी डॉक्टरास औषधाचे नाव विचारावे आणि गिधाडांस निर्धोक असलेले मेलॉक्सिकॅम मागावे. ज्यांचा महाड-पोलादपूरशी घरोबा आहे त्यांनी, गाळ काढण्याचे पुढचे वेळापत्रक निघेल तेव्हा, अंड्यांचे काठ वगळले आहेत की नाही हे नगरपालिकेस व वनखात्यास लेखी विचारावे. अशी पाच-पन्नास पत्रे गेली तर ती फाईलीत दडपणे कठीण जाते. आणि ज्यांना गणपतीस कोकणात जावयाचे असते त्यांनी एखाद्या हिवाळ्यात मुद्दाम त्याच रस्त्याने यावे. सावित्रीच्या पुलावर मोटार थांबवू नये, ते धोक्याचे आहे, महाडात उतरावे, काठावर जाळे विणीत बसलेल्या एखाद्या माणसास “दादा, मगर कोठे दिसते?” असे विचारावे, आणि तो सांगेल तेथे, तो सांगेल तितक्या अंतरावर, मुलांना घेऊन तासभर गप्प बसावे. मगर दिसली तर उत्तमच. न दिसली तरी त्या तासात तो माणूस तिच्याविषयी आणि आपल्या जाळ्याविषयी जे सांगेल ते मुलांनी ऐकावे, आणि निघताना त्या जाळ्याची किंमतही विचारावी.